एका ओळीत एकच नाव

कुणाच्याही घरी गेले की ते आधी भिंतीला हात लावायचे. बूट काढायच्या आधी, आपण "या, बसा" म्हणायच्या आधी. तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवून आपण थांबतो तसा तळहात पुरा टेकवून पाचेक सेकंद उभे राहायचे. मग खिशातून रिमोटएवढा तापमापक काढून भिंतीवर रोखायचे. हाताचा अंदाज आणि यंत्राचा आकडा जुळला की चेहरा खुलायचा. नाही जुळला तर यंत्राला शिव्या.

हॅनोव्हरला आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा पुण्याहून सासूबाई आलेल्या होत्या. त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारलं, "अगं, हे वास्तुशास्त्रवाले आहेत का?"

बाहेरून उत्तर आलं, "त्यातलाच समजा, ताई. दोष आहे तुमच्या वास्तूत. उत्तरेच्या भिंतीतून घर गळतंय."

माझी मुलगी मराठी ऐकते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. तिने त्याच दिवशी त्यांचं नाव ठेवलं, 'वांडमान'. भिंतवाला माणूस. त्यांना ते इतकं आवडलं की पुढे तिला फोनवर तीच ओळख द्यायचे. मी त्यांना बैठकीत इथल्या रीतीने आडनावाने हाक मारायची आणि बाहेर काका म्हणायची. ते मला यादीबाई म्हणायचे.

नाव वाजवी होतं. मी यंत्र अभियांत्रिकी शिकले, पण पोट भरलं ते याद्या करण्यावर. 'प्रकल्प समन्वयक' हे त्याचं भारदस्त नाव. आमचं काम थोडक्यात असं. सरकार आणि उद्योगांच्या संघटना यांच्यात इथे एक समझोता आहे. एका भागातल्या दहा-बारा कंपन्यांनी गट करायचा, गटाने मिळून किती उत्सर्जन कमी करणार ते जाहीर करायचं, आणि शहर आणि मंत्रालय यांना एका टेबलाशी बसवून ते पार पाडायचं. अशा टेबलाला एक माणूस लागतो जो कुणाचाच नोकर नाही आणि ज्याचं सगळे ऐकतात. आमच्या टेबलाला ते होते. मी त्यांच्या उजव्या हाताला बसून प्रोटोकॉल लिहायची. म्हणजे इतिवृत्त. कोणतं काम, कुणाकडे, कधीपर्यंत. तीन रकाने.

"देशाचा आकडा बर्लिनमध्ये लिहितात," ते म्हणायचे, "पण कमी होतो तो ड्रेनेजच्या शेजारी."

ते मूळचे इचलकरंजीकडचे. तरुणपणी एका सहकारी साखर कारखान्यात बॉयलरवर होते. तिथून जर्मनीत कसे आले ही गोष्ट ते दर वेळी वेगळी सांगायचे, म्हणून मी ती लिहून ठेवली नाही. पण साखर कारखान्याबद्दल एक गोष्ट कायम तीच असायची. तिथे एका वाफेच्या वाहिनीची झडप गळत होती. ती दुरुस्त करायचं सभेत ठरलं आणि "बॉयलर विभाग व देखभाल विभाग यांनी संयुक्तपणे" करावं असं लिहिलं गेलं. झडप दोन हंगाम गळली. तिसऱ्या हंगामात फुटली आणि एका माणसाचा हात भाजला.

"सहकारात वाढलोय मी, यादीबाई. सहकार चांगलाच आहे. पण 'संयुक्तपणे' हा शब्द दिसला की समजायचं, काम मेलं. दोन घरचा पाहुणा उपाशी. एका ओळीत एकच नाव लिहा. भांडू देत, रुसू देत. नाव एकच."

मी नोकरीला लागल्यावर त्यांनी शिकवलेली ही पहिली गोष्ट. माझी पहिली यादी त्यांनी लाल पेनने तपासली होती. सात ओळींत दोन-दोन नावं होती. सातही ओळी खोडून कागद मला परत दिला आणि म्हणाले, "आता फोन लावा आणि प्रत्येकाला विचारा, तू की तो?" मला दोन दिवस लागले. सातही कामं वेळेत झाली.

स्वतःचं नाव मात्र त्यांनी कधी कुठल्या ओळीत येऊ दिलं नाही. "मध्यस्थाचं नाव पत्रिकेत छापतात का?" असं विचारायचे.

ते स्वतःला खरोखरच लग्न जुळवणारा मध्यस्थ समजायचे. त्यांच्याकडे एक जाड वही होती, शाळेच्या पोरांची असते तशी, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यावर मराठीत लिहिलं होतं, 'स्थळं'. एकेका पानावर एकेक कारखाना. किती उष्णता धुराड्यातून वाया जाते, किती अंशांची, वर्षातले किती महिने. समोरच्या पानावर ती उष्णता ज्याला चालेल असं कुणी जवळपासचं. पोहण्याचा तलाव, शाळा, भाजीचं काचघर. खाली शेरा. 'पत्रिका जुळते, मुलाकडचे शिष्ट.' 'अंतर फार, वाटेत थंड होईल.' बिस्किटाच्या कारखान्याच्या पानावर नुसतं, 'नाही म्हणाले. पुन्हा विचारणे. दिवाळीनंतर.'

एका पानावर शहराच्या स्मशानातली विद्युतदाहिनी होती. समोर, बाजूची रोपवाटिका. शेरा होता, 'चांगलं स्थळ. विचारायला धीर होत नाही.'

ते स्वतः अविवाहित होते. का, हे विचारायचं माझ्या मनात बरीच वर्षं होतं. राहून गेलं.

सगळ्यात जुनं आणि त्यांच्या जिव्हाळ्याचं स्थळ होतं कौलांच्या कारखान्याचं. हॅनोव्हरपासून अर्ध्या तासावर एका लहान शहराच्या कडेला तो आहे. भट्टी रात्रंदिवस पेटलेली. रस्त्याच्या पलीकडे एक जुनी वसाहत, बारा इमारती, प्रत्येकीच्या तळघरात गॅसचा बंब. इकडे उष्णता आभाळात जात होती आणि चाळीस पावलांवर लोक गॅस जाळून तीच तयार करत होते. ते सायकलवरून तिथून जाताना थांबून धुराड्याकडे बघायचे. "बघा," म्हणायचे, "पोर घरातून निघून चाललीय आणि बापाला पत्ता नाही."

एक पाइप टाकायचा होता. रस्त्याखालून. एवढंच.

त्या एका पाइपासाठी ते सहा वर्षं खपले. कारखान्याचा व्यवस्थापक, तांबूस चेहऱ्याचा उंच माणूस, याला भीती की पुढे भट्टी बंद ठेवावी लागली तर लोक थंडीत कुडकुडतील आणि शिव्या त्याला देतील. शहराची पाणी-गॅस पुरवणारी कंपनी असते, श्टाटव्हेर्क, तिच्या प्रमुख बाई म्हणायच्या की आम्ही परक्याच्या चुलीवर बारा इमारती सोडणार नाही. आणि मंत्रालयाचा अधिकारी दर बैठकीत म्हणायचा की दोघांचं एकमत झालं की सरकार पाठीशी आहेच.

मी मान खाली घालून लिहीत असायची आणि शेजारून मराठीत पुटपुटणं चालू असायचं. "मुलीकडचे आज नरम आहेत. लिहून घ्या." "आता विहीणबाई रुसणार बघा. रुसल्या." मंत्रालयाच्या अधिकाऱ्याला ते भटजी म्हणायचे. "भटजीबुवा काय, मुहूर्त सांगून मोकळे. हार कोण आणणार?" एकदा मला इतकं हसू आलं की ठसका लागल्याचं नाटक करून बाहेर जावं लागलं. परत आले तर ते गंभीर चेहऱ्याने व्यवस्थापकाला विचारत होते, "तुमच्या मुलीला थंडी सोसत नाही का?" जर्मनमध्ये. तो गोंधळून म्हणाला, "मला मुलगी नाही." "गेनाऊ," हे म्हणाले. अगदी बरोबर! बापाला पत्ताच नव्हता.

अखेर जुळलं. कसं, ते सांगत बसत नाही. पाच कागदांवर सह्या झाल्या. आणि योगही असा की नगरपालिका त्याच उन्हाळ्यात तो रस्ता ड्रेनेजसाठी उकरणार होती. चर उघडा असताना त्यातच आपला पाइप टाकायचा होता. नगरपालिकेचा एकच नियम होता. ज्याला या चरात काही टाकायचं असेल त्याने ठरलेल्या तारखेपर्यंत एका पानाची सूचना पाठवायची. कारण रस्ता एकदा नव्याने डांबरी झाला की पुढची पाच वर्षं तिथे कुणालाही खणू देत नाहीत.

ती सूचना कुणी पाठवायची, हे ज्या बैठकीत ठरायचं होतं तिला काका नव्हते. त्यांना हृदयाच्या डॉक्टरांची वेळ चार महिन्यांनी मिळाली होती, ती नेमकी त्या दिवशीची. "तुम्ही आहात की," मला म्हणाले. "फक्त यादी नीट करा."

बैठक छान चालली होती. शेवटी तो मुद्दा आला. व्यवस्थापक म्हणाला, "रस्ता शहराचा. सूचना श्टाटव्हेर्कने पाठवायची."

बाई म्हणाल्या, "पाइप तुमच्या फाटकातून निघतो. अर्जदार तुम्ही."

"आम्ही कौलं करतो, बाईसाहेब. रस्ते नाही."

"मग कौलंच करा."

सहा वर्षांची मेहनत माझ्यासमोर पुन्हा तडकायला लागली. जेवणाची वेळ झाली होती. मी म्हटलं, एका पानाचा तर कागद आहे, दोघं मिळून बघा. आणि 'कुणाकडे'च्या रकान्यात दोघांची नावं लिहिली, मध्ये तिरकी रेघ दिली. दोघांनी मान डोलावली. सगळे हसतमुखाने जेवायला गेले. मला वाटलं, आपण फार शहाणपणा केला.

त्या आठवड्यात काकांना डॉक्टरांनी ठेवून घेतलं. दर वेळी लाल पेन घेऊन वाचला जाणारा माझा प्रोटोकॉल त्या वेळी कुणी वाचला नाही. मी तारखेच्या आधी दोघांनाही आठवणीची मेल पाठवली. दोघांकडूनही एकच शब्द आला, "लॉइफ्ट". चालू आहे. व्यवस्थापकाच्या मते बाईंकडे चालू होतं आणि बाईंच्या मते व्यवस्थापकाकडे. मी ती ओळ हिरवी केली, म्हणजे काम मार्गी लागलं.

ऑगस्टमध्ये एका सकाळी त्यांचा फोन आला. दवाखान्यातून आल्यावर सायकल बंद होती, ते बसने तिकडे गेले होते.

"यादीबाई, आपला पाइप कुठे आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे रस्ता तयार आहे. रोलर फिरतोय. पाइप दिसत नाही."

मी पोचले तेव्हा ते कामावरच्या मुकादमाशी बोलत होते. मुकादम सज्जन होता. त्याने नकाशा उलगडून दाखवला. ड्रेनेज, पाणी, टेलिफोनची तार. "उष्णतेच्या पाइपाबद्दल आमच्याकडे कागद नाही," तो म्हणाला. "आला असता तर जागा ठेवली असती. जागा होती."

ते वाद घालतील असं मला वाटलं. ते हळूच खाली वाकले, एका हाताने माझा आधार घेतला आणि दुसरा तळहात नव्या डांबरापासून बोटभर अंतरावर धरला.

"बघा," म्हणाले. "केवढं गरम आहे."

मी तिथेच सांगितलं. रडले नाही, कारण रडून सांगितलं की लोक ऐकत नाहीत. म्हटलं, "काका, मी दोन नावं लिहिली होती."

त्यांनी मान हलवली, म्हणजे कळलं एवढंच. मग बसथांब्यावर जाऊन बसले. बराच वेळ समोरच्या धुराड्याकडे बघत होते. बस आली तेव्हा म्हणाले, "चूक मोठी आहे हो." त्यांनी ती लहान करून सांगितली नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

पुढच्या बैठकीला मंत्रालयाचा अधिकारी रागावलेला होता. देशाच्या अहवालात आमच्या गटाचा पाइप 'पूर्ण होत आहे' म्हणून वर गेलेला होता. त्याने विचारलं, "ही जबाबदारी नक्की कुणाची होती?"

व्यवस्थापकाने बाईंकडे पाहिलं. बाईंनी व्यवस्थापकाकडे. मी लॅपटॉपवर बोटं ठेवून बसले होते. माझं कंत्राट त्या हिवाळ्यात संपत होतं आणि नूतनीकरण याच अधिकाऱ्याच्या सहीने व्हायचं होतं. नवऱ्याची नोकरी नुकतीच गेली होती. आमचा इथला मुक्काम माझ्या नोकरीवर उभा होता. काकांना हे सगळं माहीत होतं, कारण मीच सांगितलं होतं.

"माझी," ते म्हणाले.

"पण प्रोटोकॉलमध्ये तर..."

"प्रोटोकॉल चुकीचा आहे. मी तोंडी सांगितलं होतं की सूचना मी पाठवतो. विसरलो. दवाखान्यात होतो." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "लिहा."

मी लिहिलं नाही.

"लिहा, यादीबाई. ती दोन्ही नावं काढा. एका ओळीत एकच नाव."

मी त्यांचं नाव लिहिलं.

इथे पद्धत अशी की मागच्या बैठकीचा प्रोटोकॉल पुढच्या बैठकीत मंजूर होतो. अध्यक्ष विचारतो, काही हरकत? तीन महिन्यांनी तो प्रश्न आला. टेबलाशी काकांच्या जागी नवा माणूस बसला होता. त्यांना आभाराचं पत्र आणि फुलझाडाची एक कुंडी देऊन मोकळं केलेलं होतं. "हरकत?" मी तोंड उघडलं नाही. माझं कंत्राट दोन दिवसांनी नवीन झालं.

त्यानंतर मी महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जायची. डबा घेऊन. त्यांच्या घरात हीटर बहुतेक बंद असायचा. अंगावर दोन स्वेटर आणि घोंगडी. मी कुरकुरले की म्हणायचे, "माणूस छत्तीस-सदतीस अंशांचा असतो. चांगलं स्थळ आहे, वाया कशाला घालवा?" मी कामाचं बोलायची नाही. तेच विचारायचे, "डांबर कसं आहे?" एखाद्या नातेवाइकाची चौकशी करावी तसं. मी दर वेळी सांगायची. चार वर्षं राहिली. तीन राहिली.

एकदा म्हटलं, "काका, मी जाऊन खरं सांगते."

"आणि मग? पाइप पडेल?"

"नाही."

"मग बसा. भाजी चांगली झालीय."

तिसऱ्या हिवाळ्यात ते गेले. शेजारच्या बाईंनी फोन केला. इथे दहनाला दिवस लागतात, कागद लागतात. ते कागद मी केले, ते मला येतं. भारतातून कुणी पोचू शकलं नाही. विधीला आम्ही नऊ जण होतो. व्यवस्थापक आला होता, काळा कोट घालून, मागच्या रांगेत. आम्ही बाहेर आलो तेव्हा माझी मुलगी, आता माझ्याएवढी उंच, दाहिनीच्या इमारतीच्या भिंतीपाशी गेली आणि तिने तळहात पुरा टेकवला. मला म्हणाली, "वार्म, आई." गरम आहे. वर धुराड्यातून हवा थरथरत होती. बाजूला रोपवाटिका होती. त्यांच्या घरून आणलेली निळी वही माझ्या पिशवीत होती, तरी मी ते पान उघडलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात पाच वर्षं पुरी झाली. सूचना मी पाठवली. नगरपालिकेत स्वतः नेऊन दिली आणि पोचपावती घेतली. यादीत त्या ओळीत माझं एकटीचं नाव होतं. चर खणला, पाइप पडला, हिवाळ्याच्या तोंडाशी बारा इमारतींतले बंब बंद झाले. मी एका जिन्यात जाऊन भिंतीतल्या नळीला हात लावला. पाच हिवाळे त्या तळघरांत जो गॅस जळला तो मात्र कुठल्याच पाइपाने परत येणार नाही. तो आभाळात आहे.

मग बैठक झाली. केक होता. मंत्रालयातून आता एक तरुण बाई येते, तीच अध्यक्ष. शेवटच्या 'इतर विषय' या मुद्द्यावर मी हात वर केला आणि म्हटलं की पाच वर्षांपूर्वीच्या एका प्रोटोकॉलमध्ये दुरुस्ती हवी आहे. जबाबदार व्यक्तीचं नाव चुकीचं आहे. काम नीट सोपवलं गेलं नाही ते माझ्यामुळे.

"पण तो मंजूर झालेला आहे," ती म्हणाली.

"हो. तेव्हा हरकत विचारली होती. मी आज घेतेय."

सगळे अवघडले. व्यवस्थापक, आता केस पांढरे झालेला, घसा साफ करून म्हणाला, "तसं बघितलं तर त्या ओळीत आधी आमची दोघांची नावं होती. आम्हीही... तिघांची लिहा ना."

श्टाटव्हेर्कच्या बाई म्हणाल्या, "हो, तिघांची लिहा."

भल्या मनाने म्हणाले दोघं. मी नको म्हटलं. एकच, माझं.

तरुण अध्यक्षेने जुनी फाइल उघडली, त्यांचं आडनाव टाकून शोधलं. मग म्हणाली, "हे नाव अख्ख्या फाइलमध्ये एकदाच येतं. हजेरीचे कागद नियमाप्रमाणे नष्ट केलेले आहेत. या ओळीतून काढलं तर ते कुठेच राहणार नाही." तिने माझ्याकडे पाहिलं. "हे गृहस्थ होते तरी कोण?"

सांगायला मला पूर्ण दुपार लागली असती. मी म्हटलं, "या टेबलाचे मध्यस्थ."

"मग काढू?"

खिडकीखालच्या रेडिएटरवर माझा हात कधी गेला ते मला कळलं नव्हतं. कोमट होता.

"काढा," मी म्हटलं.

तिने माझ्या आडनावाचं स्पेलिंग दोनदा विचारून घेतलं, टाइप केलं, आणि रीतीप्रमाणे मान वर करून टेबलाभोवती पाहिलं.

"काही हरकत?"

कुणीच काही बोललं नाही.